पूर्ण मिनिट

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि माझं डोकं पुन्हा फिरायला लागलं. ही वही जयदेवने आणून दिली. म्हणाला, "रोज घरी येऊन माझ्यावर ओरडतेस, त्यापेक्षा यात ओरड. मला जेवू दे." नवरा अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑफिसर आहे, दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकतो, घरी त्याला शांतता लागते. बरं. इथे ओरडते.

आज दुसऱ्या सेमिस्टरच्या बारा मुलींना घेऊन वॉर्डात गेले. वॉर्ड म्हणजे आमच्या नर्सिंग कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल. कागदावर शंभर बेड. आज पेशंट अकरा. त्यातले दोन धर्मेशशेठच्या नात्यातले, आणि एक आजोबा डिस्चार्ज होऊनही पडून आहेत कारण त्यांना न्यायला कोणी आलं नाही. धर्मेशशेठ आमचे ट्रस्टी. बदलापूरच्या पुढे गावात त्यांची भातशेती होती, आता त्याच जमिनीवर चार वर्षांची बीएस्सी नर्सिंग पिकते. बारा मुली आणि अकरा पेशंट. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या बाईचं बीपी सकाळी चौघींनी घेतलं. ती म्हणाली, आता हात कापून ठेवा आणि त्याच्यावर शिका.

मग श्वास मोजायला शिकवला. बेडच्या पायथ्याशी तक्ता लटकतो, त्यात ताप, नाडी आणि श्वास. श्वासाचा रकाना कुठल्याही हॉस्पिटलात जाऊन बघा, वरपासून खालपर्यंत वीस. मला पंचवीस वर्षं झाली या धंद्यात, चौदा वॉर्डात आणि अकरा शिकवण्यात. न्यूमोनिया असो की मोडलेला पाय, या देशातला प्रत्येक पेशंट मिनिटाला वीसच श्वास घेतो. कारण कोणी मोजतच नाही. नाडी मोजतात, ताप बघतात, आणि श्वास ठोकून देतात. आणि माणूस बिघडायला लागला की सगळ्यात आधी श्वासच बिघडतो. हे मी घसा फोडून सांगते.

पद्धत साधी आहे. पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो मुद्दाम श्वास घेतो. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर. वर गेली, खाली आली, एक. काट्याच्या घड्याळावर साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचं नाही. प्रत्येकीला मी एकच विचारते, पूर्ण मिनिट? पाठीमागे मला पूर्ण मिनिट मॅडम म्हणतात. म्हणू देत.

जिज्ञासा गायकर नावाची एक मुलगी आहे, धर्मेशशेठच्याच गावची. तिने सहा बेडला चाळीस मिनिटं लावली. अशाने ही वॉर्ड काय चालवणार? माझ्या हाताखालून आठ बॅच गेल्या, पण प्राचीसारखी मुलगी पुन्हा मिळाली नाही. दहा मिनिटांत दहा बेड, सगळे तक्ते भरलेले, एक खाडाखोड नाही. मी तिच्यासाठी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. जिज्ञासाला मी हे ऐकवलं. ती खाली बघून उभी राहिली, मला वाटलं रडतेय, तर घड्याळाला चावी देत होती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज व्हाइटनर पकडला. दोघी मुलींच्या ॲप्रनच्या खिशात. कचऱ्यात टाकला आणि अर्धा तास बोलले. तक्त्यावर चुकलं तर एक रेघ मारायची, फक्त एक, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला खरा आकडा, वेळ आणि सही. दाखवलं की ती चूक असते, झाकलं की गुन्हा होतो. निम्म्या मुली जांभया देत होत्या. त्यांना जर्मनीला जायचंय, आतापासून जर्मनचे क्लास लावलेत. मी म्हटलं, तिथे पण माणसंच श्वास घेतात.

जिज्ञासाच्या हातातलं घड्याळ तिच्या आजोबांचं आहे, बुधाजी गायकरांचं. ते गेले. पट्ट्याला तिने आणखी तीन भोकं पाडलीत तरी मनगटावर गरगर फिरतं. मला म्हणाली, "मॅडम, यात सेकंद काटा मोठा आहे. दिसतो." आज सहा बेडला छत्तीस मिनिटं. मी म्हटलं, तुझं असंच चाललं तर सकाळचा पेशंट संध्याकाळी बघशील. तिने विचारलं, "मग पूर्ण मिनिट नको मोजू?" उद्धटपणे नाही, खरंच विचारलं. मी पुढच्या बेडकडे वळले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणी समिती मंगळवारी येतेय. म्हणजे पुढच्या मंगळवारी, अठराला. शेठना पन्नासच्या शंभर सीट करून हव्यात. विनिता मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रिन्सिपलनी, मीटिंग घेतली. साठ तरी बेड भरलेले दिसले पाहिजेत, सहा महिन्यांचं रेकॉर्ड दिसलं पाहिजे, लॉगबुकं पूर्ण पाहिजेत. पेशंट कुठून आणणार, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत आहे. शेठ आणतात.

मी बोलले. म्हटलं, शंभर मुली घेऊन काय करणार, अकरा पेशंटवर शंभर मुली बसवणार? डिलिव्हरी बघितलेली नसताना पंधरा डिलिव्हऱ्यांवर सह्या मी करायच्या? उद्या ही मुलगी कोणाच्या तरी आईच्या उशाशी उभी राहणार आहे. सगळं बोलले. विनिता मॅडमनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "कुमुदिनी, मागच्या तपासणीला पण तू हेच बोललीस. आणि मग सगळ्यात सुंदर तक्ते तुझेच होते."

फार राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी नऊ ते पाच, डेमो रूममध्ये, प्लास्टिकच्या पुतळ्यांच्या मध्ये बसून, आम्ही चार जणींनी नसलेल्या पेशंटचे तक्ते भरले. तीन पाळ्या वाटाव्यात म्हणून निळं, काळं आणि जाड रिफिलचं अशी तीन पेनं. मी ताप जरा वरखाली ठेवला, नाडी बदलती ठेवली, श्वास सुरुवातीला अठरा, बावीस, सोळा असं काहीतरी खरं वाटेल असं लिहिलं. दुपारनंतर हात दुखायला लागला. मग वीस. मग सगळीकडेच वीस. समोसे आले होते, खाल्ले.

मंगळवारी दाखवायच्या बेडचे तक्तेही आजच भरून ठेवले, सकाळच्या दहाच्या नोंदीसकट. त्यावर मुलींच्या सह्या हव्यात, म्हणून त्यांना बोलावलं. अकरा जणींनी पटापट केल्या. जिज्ञासा सात नंबरच्या बेडचा तक्ता धरून उभी. "मॅडम, हा पेशंट कुठे आहे?" म्हटलं, मंगळवारी येईल. म्हणाली, "मग मंगळवारी मोजून सही करू?"

तिच्यावर मी अशी ओरडले की बहुतेक खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. नोकरी माझी जायची आहे, तुझी नाही, शहाणपणा घरी ठेव, असलं सगळं. तिने सही केली. बारीक अक्षरात, जे. गायकर. घरी येऊन जयदेवला सांगितलं की मुलींना आजकाल वेळेचं भान नाही. तो म्हणाला, वही कुठाय?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

झाली एकदाची तपासणी. अंग मोडून आलंय, पण लिहून ठेवते.

साडेआठला तीन टेम्पो आले. गावातल्या म्हाताऱ्या, सुना, चारपाच रिकामे पुरुष. शेठच्या माणसांनी गावात सांगितलं होतं की आरोग्य शिबिर आहे, डॉक्टर तपासणार, जेवण आहे. उतरल्यावर प्रत्येकाला हॉस्पिटलचा गाऊन दिला आणि बेडवर झोपवलं. एक म्हातारी लुगडं सोडायला तयार नव्हती, तिला तशीच सात नंबरवर चादरीखाली घातली. एक बाप्या विचारतोय, माझं ऑपरेशन कधी झालं? त्याच्या तक्त्यावर हर्निया लिहिला होता. ऑक्सिमीटर, बोटाला लावायचं ते यंत्र, चार नवीन डब्यांतून काढून ट्रेमध्ये मांडले. एकातही सेल नाही. मांडायलाच आणलेत. या लोकांना लाज म्हणून नाही. शेठ पांढऱ्या शर्टात फिरत होते, वॉर्डबॉयच्या खांद्यावर हात टाकून. आयुष्यात पहिल्यांदा टाकला असेल.

समिती अकराला आली. बाराला वॉर्डात. दोघे जण तक्ते बघत बेडकडून बेडकडे येत होते आणि नेमकी तेव्हा जिज्ञासा माझ्याकडे आली. सात नंबरच्या म्हातारीबद्दल काहीतरी सांगत होती, आकडा वगैरे. ऐकायला वेळ होता का मला? आणि बघते तर तिने तक्त्यावर रेघ मारून ठेवलेली. समिती पाच नंबरवर. मी तो कागद ओढून काढला, ॲप्रनच्या खिशात कोंबला, टेबलावर कोरा होता त्याच्यावर जुने आकडे उतरवून लटकवला, तिला सही करायला लावली. पंचवीस वर्षांचा हात आहे, एक मिनिटही लागलं नसेल. समितीतले सर सात नंबरवर थांबले, म्हणाले, "व्हेरी नीट."

जिज्ञासा दिवसभर त्या म्हातारीपाशीच घुटमळत होती. दुसरे बेड नाहीत का? चार वाजता टेम्पो भरून परत गेले, सोबत जेवणाची पाकिटं. मुलींचं एकवेळ समजू शकते, पण वेळ कुठली, प्रसंग कुठला, हे कळायला नको? मी तिला बजावलंय की उद्या माझ्याशी बोलायचं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पेढे वाटले. समिती खूश. विनिता मॅडम म्हणाल्या, तक्त्यांचं खास कौतुक झालं. सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. जिज्ञासा आली नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

जिज्ञासा चार दिवस गैरहजर. आज कारण कळलं.

सात नंबरची म्हातारी तिची सख्खी आजी. चिमी गायकर. आठवडाभर खोकत होती, शिबिरात फुकट तपासतील म्हणून टेम्पोत बसली. बुधवारी पहाटे श्वास लागला. उल्हासनगरला पाच नंबरच्या कॅम्पात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया. ऑक्सिजनवर आहे.

मला कसं माहीत असणार ती तिची आजी? तिने सांगायला नको होतं का? इतक्या लोकांत मी कोणाकोणाला ओळखू? गावात बोंब झालीय की शेठच्या दवाखान्यात दिवसभर झोपवून ठेवली आणि न तपासता परत पाठवली. शेठ सकाळपासून फोनवर आहेत. विनिता मॅडम म्हणाल्या, "सोमवारी बघू. तक्ता नॉर्मल आहे ना? मग झालं."

२३ नोव्हेंबर, रविवार

ॲप्रन धुवायला काढला. खिशात कागद.

वीसवर एक रेघ, सरळ, पट्टीने मारल्यासारखी, खालचं वीस स्वच्छ दिसतंय. बाजूला ३४. वेळ ११.२०. जे. गायकर. मी शिकवलं तसं, अगदी तसंच.

मिनिटाला चौतीस म्हणजे म्हातारी माझ्यासमोर, चादरीखाली, लुगड्यात, धापा टाकत होती.

कागद इस्त्री करून डाळीच्या डब्याखाली ठेवलाय. का इस्त्री केली माहीत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मेमो तयार आहे. "विद्यार्थिनी जिज्ञासा गायकर हिने रुग्णाची स्थिती न तपासता श्वसनाचा खोटा आकडा नोंदवला, त्यामुळे रुग्णावर वेळेत उपचार होऊ शकले नाहीत." खाली तक्त्याची झेरॉक्स. वीस, आणि तिची सही. अक्षर माझं, पण ते कोण बघतंय? वर्ष बाद. पुन्हा पहिल्यापासून, किंवा नाव काढून घरी. सुपरवायझर म्हणून माझी सही हवी. गुरुवारपर्यंत.

मी म्हटलं, हे चूक आहे. विनिता मॅडम म्हणाल्या, "मग बरोबर काय ते तू लिहून दे." त्यांनी कोरा कागद आणि पेन खरंच पुढे सरकवलं. मी उठून आले. धर्मेशशेठ जिन्यात भेटले, म्हणाले, "मॅडम, पोरगी आपल्या गावचीच आहे, मना पन वाईट वाटते. पन कॉलेज राहिला पाहिजे ना?" मना पन वाईट वाटते म्हणे. ज्या माणसाने तिच्या आजीला टेम्पोत घातलं त्याला वाईट वाटतंय. मला त्याच्या पांढऱ्या शर्टावर शाई ओतावीशी वाटली. मी म्हटलं, हो शेठ.

घरी आल्यावर कुकरची शिटी होईपर्यंत ओट्याला धरून उभी राहिले. जयदेवने विचारलं काय झालं. सांगितलं, पण डाळीच्या डब्याखालच्या कागदाचं नाही सांगितलं. तो म्हणाला, "सही करून टाक आणि मोकळी हो. तुझ्या एकटीने काय बदलणार आहे?" मी त्याच्यावर इतकी भडकले की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वॉर्डात मुलींना घेऊन गेले. आज कोणालाही पूर्ण मिनिट विचारलं नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

उपाय सुचलाय. उद्या हॉस्पिटलात जाऊन जिज्ञासाकडून माफीनामा लिहून घेते. मोजण्यात चूक झाली, पुन्हा होणार नाही, इतकंच. माफीनामा असला की वर्ष वाचेल, नुसती ताकीद मिळेल. विनिता मॅडम तयार आहेत. मुलीच्या भल्यासाठीच करतेय मी. ते कागदाचं नंतर बघू.

२६ नोव्हेंबर, बुधवार

जे झालं ते झालं तसं लिहिते.

उल्हासनगरला पाच नंबरला रिक्षातून उतरले. काउंटरवरची सिंधी बाई म्हणाली, "साईं, लेडीज मेडिकल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद." चढून वर गेले, आणि वॉर्डाच्या दारात प्राची. माझी प्राची. इथे स्टाफ नर्स आहे, मला माहीतच नव्हतं. सगळ्यांसमोर पाया पडली. "मॅडम, तुमच्यामुळे उभी आहे इथे." डोळ्यांखाली काळं झालंय तिच्या. बावन्न पेशंट आणि दोन नर्सेस, त्यातली एक रजेवर.

चिमीआजी खिडकीजवळच्या बेडवर, नाकाला ऑक्सिजनची नळी. उशाशी स्टुलावर जिज्ञासा. मला बघून उठली नाही. उठली असती तर बरं वाटलं असतं असं नाही, पण लक्षात आलं.

आजीने डोळे किलकिले केले. "तू ती मास्तरीन ना? आमाला सांगला का डॉक्टर तपासनार. कोनी तपासलाच नाय. हिनी तपासला." आणि नातीच्या हातावर हात ठेवला. दोन वाक्यांत तीनदा थांबली.

सवयीने मी बेडच्या पायथ्याचा तक्ता उचलला. आठ दिवस, रोज चार नोंदी. श्वास: वीस. वीस. वीस. वीस. वरपासून खालपर्यंत. सगळ्यात खाली आजची दोनची नोंद, अक्षर गोल, सुरेख, एक खाडाखोड नाही. ते अक्षर मी हजारात ओळखेन. त्याच्यासाठी मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

प्राची सलाईन बदलायला आली तेव्हा मी तक्ता पुढे धरला. विचारलं, "हे मोजलंस?"

ती आधी हसली, मी गंमत करतेय असं वाटलं तिला. मग म्हणाली, "मॅडम, बावन्न पेशंट आहेत. बावन्न मिनिटं नुसता श्वास मोजत बसले तर इंजेक्शनं कोण देणार?"

"आणि कॉलेजात? तेव्हा तर बावन्न नव्हते."

"तेव्हा तुम्ही दहा मिनिटांत दहा बेड म्हणून शाबासकी दिलीत की." तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच गोंधळली होती. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. दहा मिनिटांत दहा जणांचा ताप, नाडी, श्वास, बीपी कसं होईल, मॅडम?"

साधा हिशेब. तिसरीतल्या पोराला येईल. मला अकरा वर्षांत आला नाही.

ती दुसऱ्या बेडकडे पळाली. मी जिज्ञासाला म्हटलं, मेमो निघालाय. म्हणाली, कळलंय. माफीनाम्याचा कागद माझ्या पर्समध्ये होता, मजकूरही मीच लिहून आणला होता, नुसती सही हवी होती. तो बाहेर काढायला हात गेला आणि तिने मांडीवरची छोटी वही उघडून माझ्यापुढे धरली. मागच्या बुधवारपासून दर दोन तासांनी: ३८, ३८, ३६, ३७, ३४. पुढची पानं. ३२. ३०. प्रत्येकापुढे वेळ. गुरुवारी पहाटे ऑक्सिजनची नळी निघाली होती तेव्हा ४०. बाजूला लिहिलंय, डॉक्टरांना उठवलं. म्हणजे आजी जगली ती या वहीमुळे. तक्त्यावर त्या पहाटेही वीसच आहे.

"तुम्ही तो कागद खिशात घातलात," ती म्हणाली. "मी बघितलं होतं."

"मग कोणाला का सांगितलं नाहीस?"

"कोणाला सांगू? आकडा तर तुम्हालाच सांगितला होता. चौतीस म्हटलं, माझी आजी आहे म्हटलं. तुम्ही म्हणालात, वीस लिहिलंय ना, मग वीस. नंतर बघू." तिचा आवाज चढला, शेजारच्या बेडवरची बाई वळून बघायला लागली. "नंतर बघितलंत का? चार वाजता मी तिला टेम्पोत चढवली तेव्हा तुम्ही गेटवर उभ्या होतात. मला वाटलं मीच चुकले असेन. तुम्हाला पंचवीस वर्षांचा अनुभव. मी घरी जाऊन परत मोजले, चौतीस. परत मोजले, छत्तीस. आणि तरी मला वाटत होतं माझंच चुकतंय. सकाळी नेऊ म्हटलं. तुमच्यामुळे मी एक रात्र थांबले, मॅडम."

मी स्टूल ओढलं, आजीचं मनगट हातात घेतलं, नाडी बघितल्यासारखं केलं आणि तिच्या पदराकडे बघत राहिले. वर, खाली, एक. माझं घड्याळ कधीचंच बंद पडलंय, मी ते नुसतं दागिना म्हणून घालत होते, हे तेव्हा कळलं. जिज्ञासाने आजोबांचं घड्याळ काढून चादरीवर ठेवलं. मोठा सेकंद काटा. पंधराव्या सेकंदाला सात झाले होते. हात सोडावासा वाटला. पंचवीस वर्षांची सवय. मी सोडला नाही.

"अठ्ठावीस," मी म्हटलं.

जिज्ञासा माझ्याकडे बघत होती. तिने पेन उघडलं नाही.

"पूर्ण मिनिट?" तिने विचारलं.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं. तरी तिने आजीचा दुसरा हात धरला आणि स्वतः मोजले. पूर्ण साठ सेकंद. मग तिने वहीत लिहिलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मेमोवर सही केली नाही. त्या कोऱ्या कागदावर लिहून दिलं: तक्ता मी आधीच भरलेला होता. विद्यार्थिनीने ११.२० ला चौतीस मोजले आणि समिती आत असताना मला सांगितले. मी ऐकले. मूळ तक्ता मी काढून घेतला. सोबत मूळ तक्त्याची झेरॉक्स. मूळ मी दिला नाही, तो आज सकाळी उल्हासनगरला जाऊन जिज्ञासाच्या हातात दिला, आणि माझ्या या पत्राची प्रतही. एक प्रत समितीला रजिस्टर पोस्टाने गेली. पोस्टाची पावती विनिता मॅडमच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी पावतीवरची तारीख वाचली. मग म्हणाल्या, "तुला वाटतं तुझे हात यात स्वच्छ राहतील? सगळे तक्ते तुझ्या अक्षरात आहेत." म्हटलं, म्हणूनच माझं नाव सगळ्यात वर लिहिलंय. मेमो त्यांनी माझ्यासमोर फाडला, आता तो चालणारच नव्हता. उद्यापासून मी यायचं नाही. जिज्ञासाने सोमवारपासून यायचं, हे मी त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय उठले नाही.

प्राचीला फोन केला. म्हटलं, तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या त्या चुकीच्या होत्या, माफ कर. ती म्हणाली, मॅडम, आत्ता ड्युटीवर आहे, नंतर बोलू. नंतर फोन आला नाही. रागावली असेल, किंवा बावन्न पेशंट असतील. काही असलं तरी तिचा दोष मी काढणार नाही.

राग गेलेला नाही माझा. शेठवर आहे, विनितावर आहे, सेल नसलेल्या यंत्रांवर आहे. पण ही वही आज पहिल्यापासून वाचली आणि अठरा तारखेपाशी थांबले. तिथे मी लिहिलंय, "काहीतरी सांगत होती, आकडा वगैरे." आणि "ऐकायला वेळ होता का मला?" आणि शनिवारी, "तिने सांगायला नको होतं का?" कोणी वाचत नसलेल्या वहीतही मी वीसच लिहून ठेवलं होतं.

पान फाडणार होते. फाडलं नाही. त्या तिन्ही वाक्यांवर एक एक रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. बाजूला खरं लिहिते:

१८ नोव्हेंबर. सकाळी ११.२० चा श्वास चौतीस. विद्यार्थिनीने मला स्पष्ट सांगितलं, तिची आजी आहे हेही सांगितलं. मला ऐकू आलं होतं. मी वीसच ठेवले.

दुरुस्ती २७ नोव्हेंबर, दुपारी ४.१०.

कुमुदिनी